सड्यावरचं गवत कुणाला विचारावं: गवळ्याला की उपग्रहाला?

गोव्यातल्या सत्तरी-सांग्याच्या डोंगरांत गवळी-धनगर पिढ्यान्‌पिढ्या गुरं चारत आलेत. पहिल्या पावसानंतर कातळाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, कुठलं गवत आधी फुटतं, कुठलं फुलोऱ्यावर आलं की गुरं तोंड लावत नाहीत, पाणी कुठवर टिकतं, हे त्यांना रोजच्या चालण्यातून ठाऊक असतं. सेंटिनेल-२ उपग्रह साधारण ५ दिवसांनी येतो आणि जमिनीचा १० मीटरचा एकेक तुकडा वेगळा टिपतो. पण ढगांतून त्याला दिसत नाही, आणि गोव्यात गवत वाढतं ते नेमकं ढगांच्याच दिवसांत. शिवाय हिरवं दिसलं म्हणजे चारा असतोच असं नाही. रानमोडी हे माजणारं तणही हिरवंच! गुरं तिला टाळतात, हे गवळीच सांगेल.

उपग्रहाची खरी ताकद जुन्या नोंदींत. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची ३० मीटरच्या तुकड्यांची चित्रं १९८०च्या दशकापासून आहेत. कुरण किती आकसलं ते त्यांवरून दाखवता येतं, आणि सरकारदरबारी नकाशा लागतोच.

माझ्या मते सुरुवात गवळ्यापासून व्हावी. तो दाखवेल तिथे एक मीटरच्या चौकटी टाकून गवत मोजावं, मग चित्रांशी ताडून पाहावं. या अभ्यासाच्या अहवालावर गवळ्याचं नाव संशोधकांच्या बरोबरीने छापावं, हा माझा आग्रह आहे.