लिलावातली जिप्सी घेताय? आधी नंबर वाचा

फौजेत २२ वर्षं एमटीत, म्हणजे वाहन विभागात, गाड्या चालवल्या. आधी जोंगा, मग मारुतीची जिप्सी. २०१७ साली फौजेच्या लिलावातून निघालेली एक जिप्सी घरी आणली, २००४ची, हूडवाली, म्हणजे कापडी छताची. सातारा-बामणोली रस्त्यावर तिने बरेच पावसाळे काढलेत.

जोंगा म्हणजे जबलपूरच्या कारखान्यात बनलेली निस्सान. सहा सिलिंडर, चार लिटरचं इंजिन. ओढ जबरदस्त, पण चिखलात रुतली की दुसरी गाडी बोलवावी लागायची. हूडवाली जिप्सी रिकामी असताना टनाच्या आतच भरते. चौघांनी खांदा लावला की बाहेर! माझा जीव तिच्यावर जडला तो इथेच.

पण ‘मिलिटरीची जिप्सी’ अशी एकच गाडी नाही. १९८५ साली आली ती एमजी ४१०: ९७० सीसी, चार गिअर. त्यातला १० म्हणजे एक लिटर. अरुंद होती, वळणावर अंग टाकायची. घाटात मागे बसलेले जवान दांडी सोडत नसत. १९९३ला डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर ९ सेंटीमीटरनं वाढलं आणि नावाला डब्ल्यू जोडला गेला. तेवढ्यानं गाडी रस्ता धरून चालायला लागली. १९९६ला किंग, म्हणजे एमजी ४१३ डब्ल्यू: १२९८ सीसी, पाच गिअर. २००० सालापासून तिला एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं पेट्रोल सोडणारी यंत्रणा, आणि ८० हॉर्सपॉवर. सिक्कीमला मी कार्बोरेटरवाली आणि एमपीएफआय, दोन्ही चालवल्या. वर हवा विरळ झाली की कार्बोरेटर तेवढंच पेट्रोल ओतत राहतो, गाडीला धाप लागते. एमपीएफआय पेट्रोल बेतानं सोडते. घेणार असाल तर हीच घ्या.

माझी ठरण्याआधी एका दलालानं किंग म्हणून एक गाडी दाखवली. दारावर किंगचं स्टिकर, आत गिअर मात्र चारच. बोनेट उघडून इंजिनावरचा नंबर पाहिला तर एफ१०ए. किंगचं इंजिन जी१३ असतं. तो बिचकला नाही, ‘इंजिन बदललंय’ म्हणाला. मी तिथून निघालो. स्टिकर बाजारात मिळतं. इंजिनावर कोरलेला नंबर आणि कागदावरचा नंबर जुळतो का ते स्वतः बघा. मग खाली झोपून चासीचा गंज तपासा.

रंगाचंही सांगतो. ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो, नियमच आहे. माझी पांढरी करून घेतली तेव्हा वाईट वाटलं, पण नियम बरोबर आहे.

बसायला कडक आहे. पुढेमागे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, त्यामुळे खड्डा थेट कण्यात जातो. माझ्या आईला मागे बसवत नाही. एसी नाही, पावसात हुडाच्या कडेनं पाणी येतं. स्पेअरला अडचण नाही. पुण्याच्या नाना पेठेत अजून बहुतेक सगळं मिळतं.

आणि चिखलात शिरण्याआधी खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांचे हब, म्हणजे चाकाच्या मधोमध असलेल्या फिरवायच्या चकत्या, हातानं लॉक करा. नुसता फोर बाय फोरचा दांडा टाकून पुढची चाकं ओढत नाहीत. गेल्या आषाढात बामणोलीच्या उतारावर एक पोरगा तासभर तसाच घुमवत बसला होता. हब फिरवून दिले, पहिल्या झटक्यात वर आला.