ठाण्याहून स्वित्झर्लंड: हनिमूनला थेट विमान की दुबई-दोहामार्गे?

लग्न, सत्यनारायण, कुलदैवताचं दर्शन आटोपून विमानात बसणाऱ्या जोडप्याची झोप आठवडाभर आधीच मोडलेली असते. तिकिटं बघताना ही गोष्ट सहसा कोणी धरत नाही. भाडं बघतात, बॅगेचे किलो बघतात, सिनेमे किती आहेत तेही बघतात. माझ्या मते नव्या जोडप्याने सगळ्यात आधी बघावं ते एवढंच, की पहिल्या रात्री सलग किती तास डोळा लागणार आहे.

मुंबईहून झुरिकला जाणाऱ्यांसमोर मुख्यतः दोन पर्याय येतात. एक स्विस या तिथल्या विमान कंपनीचं थेट विमान, साधारण नऊ तासांचं. दुसरा एमिरेट्सने दुबईमार्गे किंवा कतार एअरवेजने दोहामार्गे. खाणं-पिणं, पडदा, करमणूक यांत आखातातल्या कंपन्या उजव्या आहेत, याबद्दल वाद नाही. स्विसचा कारभार त्यामानाने साधा. पण पारडं मला तरी दुसऱ्याच कारणाने झुकलेलं दिसतं.

आखाताच्या वाटेची रात्र नीट मोजून बघा. समजा मुंबईहून विमान पहाटे साडेचारला आहे. म्हणजे दीडच्या सुमाराला मुंबई विमानतळाच्या टी-२ टर्मिनलवर काउंटरपाशी. विमान सुटल्यावर पट्टे सोडायची खूण होते, पाऊणएक तासाने ट्रॉली आपल्या रांगेपाशी पोचते आणि ताटं उचलेपर्यंत सव्वासहा होतात. दिवे मंद होतात, डोळा लागतो आणि तासाभरात उतरायची घोषणा होते, कारण हा टप्पाच जेमतेम तीन-सव्वातीन तासांचा. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणजे तिथे अजून सकाळचे सहा. ट्रान्झिटमध्ये पुन्हा सिक्युरिटी: पट्टा, लॅपटॉप, पॉवर बँक काढा, हातभर बांगड्यांमुळे मशीन वाजलं तर बाजूला उभं राहून तपासणी. मग गेट शोधत चालणं, कधी एका काँकोर्सहून दुसऱ्यावर जायला आतली ट्रेन. पुढचे सात तास उन्हातले, त्यात गाढ झोप येणं कठीण. दोहामार्गे पहिला टप्पा थोडा लांब, पण झोपेचं गणित तेच.

थेट विमान मध्यरात्रीनंतर सुटतं. जेवण दोन-अडीचपर्यंत उरकतं आणि पश्चिमेकडे जात असल्याने अंधार आपल्यासोबत चालत राहतो. उतरण्याआधी दीडेक तास नाश्ता येतो. मधले पाच-सहा तास कोणी उठवत नाही. माझ्यासाठी इथेच निकाल लागतो.

थेट विमानाचेही दोन त्रास आहेत. पहिला आपल्या रस्त्याचा. एकच्या विमानासाठी दहाला टी-२ गाठायचं, म्हणजे घोडबंदर रोडवरून आठला निघायला हवं. ऐन संध्याकाळच्या गर्दीत ईस्टर्न एक्स्प्रेसवरून जेव्हीएलआरला (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) वळलात की पवईपर्यंत गाडी मुंगीच्या पावलांनी चालते. नेरुळ-खारघरकडच्यांना सायन-पनवेलवर मानखुर्द-चेंबूरचा पट्टा असाच. पहाटेच्या आखाती विमानाला मात्र मध्यरात्री निघा, रस्ता मोकळा असतो. दुसरा त्रास झुरिकला: विमान सकाळी लवकर पोचतं आणि हॉटेलची खोली दोन-तीनच्या आत सहसा मिळत नाही. आखातातून येणारा दुपारी उतरून थेट खोलीवर जातो. यावर उपाय आहे. झुरिक विमानतळाच्या पोटातच रेल्वे स्टेशन आहे, ल्युसर्न तिथून तासाभरावर. इंटरलाकेनला बर्नमध्ये गाडी बदलून सव्वादोन तास धरा. पोचल्यावर सामान स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका आणि तळ्याकाठी बसा. झोप झालेली असेल तर ही सकाळ फुकट मिळालेली असते.

सीटबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे बरेच जण फसतात. स्विसच्या एअरबस ए३३० विमानात इकॉनॉमीची मांडणी २-४-२ आहे. खिडकीजवळ दोनच सीट, तिसरा माणूसच नाही. त्याच कंपनीचं बोइंग ७७७ आलं तर ३-४-३. एमिरेट्सच्या ७७७ मध्येही तेच, कतारच्या ए३५० मध्ये ३-३-३. तीनच्या रांगेत दोघं बसलात की तिसऱ्याला उठवल्याशिवाय किंवा स्वतः उठल्याशिवाय रात्र जात नाही. म्हणून तिकीट काढताना विमानाचा प्रकार वाचा. ७७७ च असेल तर सीटचा नकाशा शेवटपर्यंत सरकवा: शेपटीकडे विमान निमुळतं होतं, तिथे बऱ्याच ७७७ मध्ये दोन-तीन रांगा २-४-२ असतात. टॉयलेट आणि पॅन्ट्री जवळ, उतरायला सगळ्यांत शेवटी. पुढचं विमान तासाभरात पकडायचं असेल तर तिथे बसू नका.

पाय पसरायला मिळतात म्हणून पार्टिशनमागची किंवा इमर्जन्सी दाराजवळची रांग जास्त पैसे देऊन घेऊ नका, निदान या प्रवासात तरी नको. तिथे ट्रे हाताच्या दांड्यात बसवलेला असतो, म्हणून मधला दांडा वर होत नाही. खांद्यावर डोकं ठेवून झोपायचं तर तो दांडा रात्रभर बरगडीत रुततो.

एका पीएनआरवर दोघांची नावं आहेत म्हणून शेजारी सीट मिळतीलच असं नाही. स्वस्त भाड्यात सीट निवडायचे वेगळे पैसे पडतात, ते द्या. ऐनवेळी विमानाचा प्रकार बदलला तर निवडलेल्या सीटही आपोआप हलतात, तेव्हा आठवड्याने एकदा बुकिंग उघडून बघत जा.

जेवणाचं: बुकिंगमध्ये जेवणाचे कोड असतात. फक्त ‘व्हेज’ समजून व्हीजीएमएल निवडलंत तर व्हीगन ताट येतं, दही-पनीर काही नाही. आपल्या पद्धतीचं शाकाहारी हवं तर एव्हीएमएल, जैन हवं तर व्हीजेएमएल. दोन दिवस आधी नोंदवून ठेवा.

नाव मात्र जपून. तिकीट आणि व्हिसा पासपोर्टवरच्या नावानेच. पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर तिकीटही माहेरच्या नावाचं; पत्रिकेत छापलेलं नवं नाव इथे चालत नाही. आपल्याकडे पासपोर्टच्या ‘गिव्हन नेम’मध्ये बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं, अशी दोन्ही नावं असतात, तिकिटाच्या पहिल्या रकान्यात ती दोन्ही लिहा. स्वित्झर्लंडला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी बोटांचे ठसे घेतात, तेव्हा अपॉइंटमेंट मेंदीच्या आधीची घ्या. बोटांच्या टोकांवर मेंदी असली की ठसे नीट उमटत नाहीत.

नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे. उलव्या-पनवेलकडच्यांना तिथून दिल्ली गाठून पुढे जायचा मोह होईल. तिकिटावर बीओएम (मुंबई) आहे की एनएमआय (नवी मुंबई) ते दोनदा वाचा, आणि दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घ्या. वेगवेगळी तिकिटं असतील आणि पहिलं विमान रखडलं, तर दुसऱ्याचे पैसे बुडतात.

आता पैशांचं. थेट तिकीट बहुधा महाग पडतं. दोघांचा मिळून फरक हॉटेलच्या एका रात्रीएवढा असेल तर मी थेटच घ्या म्हणेन. दोन रात्रींच्या वर गेला तर दुबई-दोहा घ्यायला हरकत नाही. फक्त मधला थांबा दोन तासांहून कमी नको आणि चारांहून जास्तही नको. झुरिकऐवजी व्हेनिस किंवा नीसला जायचं असेल तर विमान दोन्हीकडून बदलावंच लागतं, तिथे आखाताची बाजू नक्कीच जड होते. परतीला स्विसचं विमान झुरिकहून सकाळी निघून रात्री मुंबईत पोचतं. उतरल्यावर इमिग्रेशन, बॅगा धरून बाराएकपर्यंत ठाण्यात घरी. जेवण झाकून ठेवायला आईंना सांगून ठेवा.