मीट थर्मामीटर, आमचा ओटीजी आणि दीड किलोचा गोळा

आधीच सांगतो, मी काही मोठा खवय्या नव्हे. पिंपरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं गेज आणि थर्मामीटर तपासण्यात गेली. त्यामुळे ऑनलाइन मागवलेला हा 649 रुपयांचा डिजिटल मीट थर्मामीटर घरात आल्यावर मटणाआधी त्याचीच परीक्षा झाली.

ठेचलेल्या बर्फाच्या पाण्यात 0.4. चालेल. खळखळ उकळत्या पाण्यात 98.2. बायको म्हणाली, "दोन डिग्री खोटं बोलतोय, परत पाठवा." पण तो खोटं बोलत नव्हता. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंचावर आहे, इथे पाणी 98 च्या आसपासच उकळतं. मुंबईत हाच 100 दाखवेल. तिथेच माझं त्याच्याशी जमलं.

हा खटाटोप नाताळच्या रोस्टसाठी. आजोबा खडकीला एका गोऱ्या साहेबाकडे खानसामा होते, ती रीत घरात राहिली. विलायतेत रविवारी भट्टीत मांस ठेवून लोक चर्चला जात आणि परत येईपर्यंत ते तयार होई, असं ते सांगत. साहेबाचं बीफ गाईबैलाचं. आपल्याकडे 2015 पासून बैलही बंदीत आला, त्यामुळे कॅम्पात 'मोठ्याचं' म्हणून मिळतं ते म्हशी-रेड्याचं. रंगाला गडद, आत चरबी कमी, आणि जरा जास्त भाजलं की वहाण. गेली चार वर्षं आम्ही वरून ग्रेव्ही ओतून वहाणच खात होतो.

मागच्या रानाचा बिनहाडाचा अख्खा गोळा आणला, दीड किलोचा. (तुकडे करू नका, असं तीनदा बजावावं लागतं. सवयीने सुरा उचलला जातोच.) रात्री मीठ चोळून फ्रिजमध्ये उघडाच ठेवला, म्हणजे वरचा भाग सुकतो आणि छान लाल होतो. सकाळी सुतळीने आवळून बांधला, बिडाच्या तव्यावर सगळ्या बाजूंनी परतला आणि ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या भट्टीत, 160 वर ठेवला.

पाऊण तासाने थर्मामीटरची सळई खुपसली तर आकडा 74! पोटात गोळाच आला. मग लक्षात आलं, टोक आरपार जाऊन ट्रेला टेकलंय. दीड इंच मागे ओढली, आकडा सरसर उतरला आणि 46 वर थांबला. टोक सगळ्यात जाड भागाच्या मधोमध हवं, हाडाला किंवा ट्रेला लागता कामा नये. हे माहितीपत्रकात कुठेही नाही. त्यात फक्त बॅटरी गिळू नये, एवढंच आहे.

तक्रारी दोन. 'तीन सेकंदांत आकडा' असं खोक्यावर छापलंय. मी घड्याळ लावून पाहिलं, नऊ लागतात. तेवढा वेळ दार उघडं, म्हणजे ओटीजीतली निम्मी ऊब स्वयंपाकघरात. ज्यांना जमेल त्यांनी वायरवाला घ्यावा, सळई आत आणि आकडा बाहेर. दुसरी, बॅटरीचं झाकण ढिलं आहे.

57 ला गोळा बाहेर काढला आणि फॉइलखाली 25 मिनिटं झाकून ठेवला. बाहेरची उष्णता आत सरकत राहते, त्यामुळे आकडा चढतच होता, 63 वर थांबला. अख्ख्या तुकड्यासाठी अमेरिकेचं कृषी खातं भट्टीतून काढण्याआधीच 63 अंश आणि वर किमान 3 मिनिटं थांबायला सांगतं, म्हणजे काटेकोर पाहिलं तर आपण नियमात नाही.

कापल्यावर आत सगळीकडे सारखा गुलाबी. आई म्हणाली, "रक्त आहे हे, मी नाही खाणार." ते रक्त नव्हे, स्नायूतल्या मायोग्लोबिन या प्रथिनाचा रंग आहे, हे सांगून उपयोग झाला नाही. टोकाकडचे काप जास्त शिजलेले असतात, ते तिला वाढले. दोनदा मागितले. यॉर्कशायर पुडिंग (रोस्टच्या कडक तापलेल्या चरबीत फुगवून भाजायचं मैदा-अंडी-दुधाचं पीठ) मात्र बसलं, त्यात थर्मामीटरचा दोष नाही. मांसातून चरबी सुटलीच नाही आणि मी तेल पुरेसं तापू दिलं नाही.

पाचपैकी चार तारे. झाकणाला सध्या रबरबँड लावलाय.