99 रुपयांची तपासणी आणि 20,250 रुपयांचे डबे

आमच्या वसाहतीच्या सभागृहात 99 रुपयांत संपूर्ण शरीर तपासणीचे शिबिर भरले होते आणि तिथे माझ्या आईच्या गळ्यात 20,250 रुपयांचे डबे मारले गेले. त्यात ‘शोषणवर्धक’ गोळ्यांचा तीन महिन्यांचा कोर्स 16,400 रुपयांचा, तर ‘आतडेशुद्धी’ची पावडर 3,850 रुपयांची. मुठीत धातूची कांडी धरायची आणि मिनिटभरात लॅपटॉपमधून रंगीत अहवाल काढायचा, हा प्रकार आता बहुतेकांना ठाऊक आहे.

त्या अहवालातली एक ओळ मला अजून छळते. ‘पित्ताशय : कार्य सामान्य.’ आईचे पित्ताशय शस्त्रक्रियेने काढलेले आहे! मी ते तिथल्या तिथे सांगितले, तेव्हा पांढरा कोट घातलेला तो गृहस्थ जराही न अडखळता म्हणाला, ‘ताई, अवयव काढला तरी त्याची ऊर्जा राहते, यंत्र ती ऊर्जा मोजते.’ त्याच क्षणी आईचा हात धरून बाहेर पडायला हवे होते. पण ती कित्येक महिने थकलेली होती, तिच्या पायांना मुंग्या येत होत्या, आणि ‘तुम्ही खाता ते अंगीच लागत नाही’ हे त्याचे बोलणे तिला मनापासून पटले होते. अशा वेळी आईसाठी कोणत्याही लेकीने पैसे मोजलेच असते.

थकवा तसाच राहिला, म्हणून पुढे रक्त तपासले. हिमोग्लोबिन 9.4 आणि बी-12 अवघे 148 निघाले. डॉक्टरांनी आधी मधुमेहाच्या गोळीची चौकशी केली, कारण मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्यास बी-12चे शोषण कमी होऊ शकते. शिबिरात आईला कोणती औषधे चालू आहेत, हे कोणी विचारलेसुद्धा नव्हते. त्या महागड्या गोळीत लोह आणि कॅल्शियम एकत्र कोंबलेले होते आणि ती सकाळच्या चहाबरोबर घ्यायला सांगितली होती. वास्तविक कॅल्शियम आणि चहातले टॅनिन, दोन्ही लोहाच्या शोषणात अडथळा आणतात. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, कॅल्शियमची वेगळ्या वेळी. ‘शंभर टक्के शोषण’ हे आश्वासन तर घातकच आहे, कारण जादा लोह बाहेर टाकण्याची खास सोय शरीरात नाही. म्हणून निरोगी आतडे साठा कमी असेल तर जास्त आणि पुरेसा असेल तर कमी लोह आत घेते. हा साठा तळहातावरून कळत नाही, त्यासाठी फेरिटिनची रक्ततपासणी लागते.

तक्रार करायला गेल्यावर जे घडले ते फसवणुकीइतकेच संतापजनक होते. पोलीस चौकीत ऐकवले गेले की पैसे तुम्ही राजीखुशीने दिलेत, यात गुन्हा कसला. अन्न तपासणाऱ्यांनी सांगितले की रोग बरा करण्याचा दावा आहे, तेव्हा औषधवाल्यांकडे जा. औषधवाल्यांनी डबा उलटून पाहिला आणि म्हणाले, यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापले आहे, तेव्हा हे अन्नच. यंत्राबद्दल तर कोणी कागदसुद्धा हातात घेईना. आजारी माणसाला लुबाडणाऱ्याला कायद्याच्या दोन कपाटांमधली फट पुरते आणि ती बुजवणे कोणालाच आपले काम वाटत नाही.

डब्यावरचा 14 अंकी अन्न परवाना म्हणजे गुणाची हमी नव्हे. आम्हाला बिलाऐवजी ‘नोंदणी शुल्क’ अशी चिठ्ठी मिळाली; तुम्ही पक्के बिल मागा, आणि ते नाकारले तर तिथूनच परत फिरा. आता 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून मी ग्राहक आयोगाकडे जाण्याची कागदपत्रे जुळवते आहे. ज्यांच्याकडे असे अहवाल असतील त्यांनी ते फाडू नयेत, डबेही टाकू नयेत, आणि घरच्यांचे खरे रक्ताचे अहवाल त्यांना जोडून तक्रारीत उतरावे.