ड्रॉइंग वाचायला कुठे शिकावं: आयटीआय, कॅडचा क्लास की थेट शॉप?

भोसरी-चाकणच्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या वर्कशॉपमध्ये, मशीन चालवता येणारी मुलं पुष्कळ आहेत. ड्रॉइंग हातात घेऊन एकट्याने जॉब (घडवायचा भाग) काढणारी कमी, आणि सेटर (मशीन लावून देणारा) किंवा इन्स्पेक्टर होतात ती हीच. पुण्यात हे शिकायच्या तीन वाटा आहेत.

दहावी झाली असेल आणि वेळ असेल, तर आयटीआयच घ्या. औंधला सरकारी आयटीआय आहेच. फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे ट्रेड दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. इथे व्ह्यू, म्हणजे वस्तूच्या एकेका बाजूची चित्रं, हाताने काढावे लागतात, त्यामुळे कागद बघून जॉब डोळ्यासमोर उभा राहायला लागतो. ही सवय दुसरीकडे सहसा लागत नाही. मात्र कागदावर व्ह्यू मांडायच्या दोन पद्धती आहेत: सराव मुख्यतः फर्स्ट अँगलचा होतो आणि अमेरिकन गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये येतं. फर्स्टमध्ये टॉप व्ह्यू फ्रंटच्या खाली असतो, थर्डमध्ये वर. उजवीकडून पाहिलेला व्ह्यू फर्स्टमध्ये डावीकडे, थर्डमध्ये उजवीकडेच. टायटल ब्लॉकजवळचं (ड्रॉइंगवरच्या माहितीच्या चौकटीजवळचं) कापलेल्या शंकूचं चिन्ह, जे पद्धत सांगतं, ते न बघता ब्रॅकेट केला, तर डाव्याचा उजवा होतो. सगळी मापं बरोबर, तरी जॉब भंगारात.

कॅडचा (संगणकावर ड्रॉइंग काढण्याचा) क्लास काही महिन्यांत उरकतो, पण तिथे भर सॉफ्टवेअरवर असतो. डिझाइन ऑफिसात जायचं असेल तर ठीक. मशीनवर जाणाऱ्याने फी भरण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. 25 एच7 भोकाची (एच7 म्हणजे मापात किती फरक चालतो त्याची खूण) मर्यादा काय? (25.000 ते 25.021 मिमी.) आणि खाली आयएसओ 2768-एम (सर्वसाधारण टॉलरन्सचं मानक) लिहिलंय, तर टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, न दिलेल्या 50 च्या मापाला किती सूट? (±0.3.) तक्ता उघडून हे दाखवणारे सर असतील तर क्लास लावा, नाहीतर पैसे व्हर्नियरवर (बारीक मापं घ्यायच्या उपकरणावर) घाला.

आधीच कामावर असाल तर शॉपसारखी शाळा नाही, पण ती एकांगी असते. टर्निंगवाल्याला वेल्डचं चिन्ह कधी दिसतच नाही. वेल्डिंगवाल्याला दिसतं, पण तो नुसता आकडा वाचतो, आणि घोटाळा तिथेच होतो. युरोपियन ड्रॉइंगवर ए5 म्हणजे थ्रोट (कोपऱ्यातल्या वेल्डची आतून बाहेरपर्यंतची जाडी) 5 मिमी, त्याला लेग (पत्र्यावर पसरलेली वेल्डची बाजू) साधारण 7 लागतो. झेड5 म्हणजे लेग 5, थ्रोट जेमतेम 3.5. ए5 असताना गेजने लेग 5 मोजून सोडला, तर वेल्ड तीस टक्क्यांनी कमी पडतो आणि वरून बघून कुणाला कळतही नाही. दुसरा धोका 'मागच्या वेळी असाच केला होता' या सवयीचा. तोवर ड्रॉइंगची रिव्हिजन (सुधारित आवृत्ती) बी ची सी झालेली असते.

शॉपमध्ये शिकताना क्यूसीवाल्यांकडून (माल तपासणाऱ्यांकडून) एक रिजेक्ट पीस आणि त्याचं ड्रॉइंग मागून घ्या. प्रत्येक मापाला गोल करून नंबर द्या, शेजारी कमाल-किमान लिहा, मग मोजून ताडून बघा. कुठलं माप गेलंय ते स्वतः सापडेपर्यंत विचारू नका. छापील कागदावर पट्टी लावून माप काढू नका, ए2 चं ड्रॉइंग ए4 वर छापलं की स्केल उरत नाही. आणि गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगचा मोबाइलवर फोटो काढू नका, सराव शॉपमध्येच करा.