ताशी १५ किलोमीटरच्या शहरात: स्कूटर, बाईक की कार?

गाडी निवडताना मायलेज, पिकअप आणि किंमत बघितली जाते. तुंबलेल्या शहरात त्याआधी एक गोष्ट बघायला हवी: ही गाडी रोज तासभर शून्य ते २० किलोमीटरच्या वेगात रेंगाळू शकते का? मोकळ्या रस्त्यावर उत्तम चालणाऱ्या कितीतरी गाड्या इथेच कच्च्या ठरतात.

आधी वेळेचा हिशोब. ८ किलोमीटरचं अंतर कार ताशी १५च्या सरासरीने ३२ मिनिटांत कापते. दुचाकीची सरासरी २२ धरली तर २२ मिनिटं लागतात. फरक १० मिनिटांचाच दिसतो. पण कारला जागा शोधून तिथून चालत यायला आणखी १० मिनिटं लागली आणि दुचाकी दोन मिनिटांत उभी राहिली, तर तोच फरक १८ मिनिटांवर जातो. म्हणजे जिथे पोचायचं तिथे हक्काचं पार्किंग असेल तर कारची बाजू बरीच सावरते. आणि दोन रांगांमधून दुचाकी पुढे काढायला तुमच्याकडे कायद्याने मनाई असेल, तर दुचाकीचा बराचसा फायदा तिथेच संपतो.

एकट्याने रोज १०-१२ किलोमीटरपर्यंत जायचं असेल तर आमची पहिली पसंती ऑटोमॅटिक स्कूटरला, गिअरच्या बाईकला नाही. एअर-कूल्ड स्कूटरच्या इंजिनावर पंखा असतो, त्यामुळे गाडी जागेवर उभी असतानाही हवा फिरत राहते. एअर-कूल्ड बाईक मात्र समोरून येणाऱ्या वाऱ्यावर अवलंबून असते आणि सिग्नलला तापत जाते. लिक्विड-कूल्ड बाईकचं इंजिन सांभाळलं जातं, पण रेडिएटरची गरम हवा पायांवर येते. शिवाय सतत हाफ क्लचवर चालवून मनगट दुखतं ते वेगळंच.

स्कूटरची दुखणी ठरलेली आहेत. रेंगाळताना सेंट्रीफ्यूगल क्लचचे (इंजिनाचा वेग वाढला की आपोआप पकडणाऱ्या क्लचचे) शू ड्रमवर घासत राहतात, तापून त्यांचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि मग उठतानाच गाडी थरथरते. सुरुवातीला शू आणि ड्रम साफ करून भागतं, पुढे बदलावे लागतात. व्हेरिएटरचे (बेल्टमार्फत गिअरचं काम करणाऱ्या भागाचे) रोलर एका बाजूने चपटे झाले की वेग घेताना गचके बसतात. बेल्ट झिजून अरुंद झाला की इंजिन ओरडतं पण गाडी पळत नाही. बेल्ट तुटला तर स्कूटर ढकलण्याशिवाय गत्यंतर नाही, म्हणून मॅन्युअलमध्ये दिलेल्या किलोमीटरला तो बदलाच, वरून चांगला दिसला तरी. स्कूटरची खरी उणीव चाकांत आहे. १० इंची चाक खड्ड्यात १७ इंचीपेक्षा खोल जातं. रस्ते खराब असतील तर निदान पुढचं चाक १२ इंची असलेलीच घ्या.

बाईकच घ्यायची असेल तर क्लच लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर ढील ठेवा. ढील नसेल तर क्लच पूर्ण चिकटत नाही आणि जळतो. ऑइल जासो (जपानी वाहन मानक) एमए किंवा एमए२ दर्जाचंच घाला, डब्यावर तसं लिहिलेलं असतं. बहुतेक बाईकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, आणि घर्षण कमी करणारी रसायनं असलेलं कारचं ऑइल घातलं तर तो घसरू लागतो.

आता कार. पाठीमागे लहान मूल, आजारी माणूस किंवा रोजचं सामान असेल तर कारच घ्या, यात तडजोड नको. दर किलोमीटरमागे जीव जाण्याचा धोका दुचाकीवर कारपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. चांगलं हेल्मेट तो कमी करतं. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००८ च्या आढाव्यानुसार अपघात झालेल्या दुचाकीस्वारांमध्ये हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो. मोठी घट आहे, पण दुचाकी त्यामुळे कारइतकी सुरक्षित होत नाही. पट्टा न बांधलेलं हेल्मेट तर डोक्यावरून निघूनच जातं. दुचाकी घेताना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेलीच घ्या, पावसात रंगवलेल्या पट्ट्यांवर आणि लोखंडी झाकणांवर त्याची किंमत कळते.

कारमध्ये गिअरबॉक्सची निवड सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तिथेच शोरूममध्ये कमी माहिती मिळते. एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स आणि त्याचा कोरडा क्लच, फक्त क्लच दाबणं आणि गिअर बदलणं यंत्र करतं. चढावर अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की हा क्लच तापतो, वास येतो आणि धोक्याचा दिवा लागतो. कोरड्या क्लचच्या डीसीटीचंही (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंही) तेच. अशी गाडी असेल तर ब्रेक दाबून थांबा, पुढे दोन-तीन मीटर जागा होऊ द्या आणि मगच एकदम सरका. टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा ऑटोमॅटिक) हे रेंगाळणं तेलावर झेलतो, म्हणून पेट्रोल कारमध्ये तोच बरा. स्ट्राँग हायब्रिड (इंजिनासोबत गाडी ओढू शकणारी इलेक्ट्रिक मोटर असलेली) त्याहून चांगली, कारण संथ वेगात बऱ्याचदा मोटरच गाडी ओढते. इलेक्ट्रिकला क्लचच नाही आणि उभं राहिल्यावर एसीपुरतीच वीज जाते. फक्त शहरासाठी डिझेल घेऊ नका. डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली) काजळी जळायला साधारण ६०० अंश तापमान लागतं, छोट्या फेऱ्यांत ते टिकत नाही. जाळण्याची प्रक्रिया अर्धवट तुटत राहिली की जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नका, लगेच वर्कशॉप गाठा.

सर्व्हिस किलोमीटरवर नाही, तासांवर मोजा. ताशी २०च्या सरासरीने १०,००० किलोमीटर म्हणजे इंजिनाचे ५०० तास. ताशी ६०ने तेच अंतर १६७ तासांत होतं. मॅन्युअलमध्ये कठीण वापराचं वेगळं वेळापत्रक असतं, गर्दीच्या शहरासाठी तेच लागू धरा.

आकाराच्या बाबतीत चार मीटरच्या आतली कार पुरे. रस्त्याकडेला समांतर लावायला गाडीच्या लांबीपेक्षा सव्वा ते दीड मीटर जास्त जागा लागते. रोज जागा शोधावी लागणाऱ्याला लांब एसयूव्ही नकोशी होईल.

पाच-सात किलोमीटरच असेल आणि रस्त्याला सायकलची वेगळी पट्टी असेल, तर मोटरची साथ असलेली सायकल या सगळ्यांच्या पुढे आहे. पट्टी नसेल तर आम्ही ती सुचवणार नाही.

टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळच्या गर्दीत मागा, सकाळी रिकाम्या रस्त्यावर नको. वापरलेली स्कूटर घेत असाल तर इंजिन गरम झाल्यावर शून्यातून दहा-बारा वेळा उठवून बघा, थरथर आली तर क्लचचा खर्च किमतीतून कापून घ्या. वापरलेली एएमटी कार चढावर थांबवून पुन्हा उचला. इंजिनाचा आवाज चढला पण गाडी सरकली नाही, तर ती घेऊ नका.