मेणाखालचं पाणी

वाडगे कातायला कर्ली मेपल या पट्टेदार लाकडाचे सहा ठोकळे मागवले होते. आले वेळेवर, कागदात नीट गुंडाळून. सहाही बाजूंनी मेणात बुडवलेले, आणि मेणाखालून वाघाच्या अंगावर असतात तसे आडवे पट्टे दिसत होते. व्हायोलिनच्या पाठीला वापरतात ते हेच लाकूड. एक ठोकळा हातात घेऊन मी बराच वेळ नुसता फिरवत बसलो. चांगला जड लागला. मनात म्हटलं, वा, माल घट्ट आहे! आता हसू येतं.

विक्रेत्याने 'भट्टीत सुकवलेलं' असं स्वच्छ लिहिलं होतं. सोबत ओलावा मोजायच्या मीटरचा फोटो, त्यावर आकडा ९ टक्के. भाव किलोवर, पैसे आगाऊ. आणि एक अट, जी मी वाचून सोडून दिली: मेण खरवडलं किंवा हत्यार लागलं तर माल परत घेणार नाही. खरी मेख तिथेच होती. लाकूड आतून कसं आहे ते कातल्याशिवाय कळत नाही, आणि कातलं की तुमची तक्रार संपली.

पहिला ठोकळा लेथवर चढवला, गाउज, म्हणजे कातायची खोलगट पटाशी, टेकवलं. सुक्या मेपलचा भुसा कोरडा, करकरीत उडतो. इथे ओल्या लांबच लांब फिती निघाल्या आणि तोंडावरच्या शील्डवर बारीक थेंब उडाले. मला आधी वाटलं मेणच वितळतंय. बोट फिरवून बघितलं तर पाणी. दोनदा हत्यार फिरलं, २ मिलिमीटरही उतरलं नसेल, आणि पट्टे गायब! खाली साधं पांढुरकं लाकूड, कोऱ्या कागदासारखं. साध्या मेपलला वरून आच आणि रंग देऊन पट्टे ओढले होते.

हे मला मेण न काढताही कळायला हवं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. खऱ्या कर्ली लाकडात धागेच नागमोडी वाढलेले असतात. कापलेल्या पृष्ठभागावर ते कुठे आडवे पडतात, कुठे त्यांची टोकं वर येतात. आडव्या धाग्यांवरून उजेड परावर्तित होतो, टोकांमध्ये तो शिरून जातो, म्हणून उजळ आणि गडद असे पट्टे दिसतात. एका दिव्याखाली ठोकळा फिरवा: गडद पट्टा उजळतो, उजळ होता तो काळवंडतो. पट्टे जणू सरकतात. रंगवलेला पट्टा मात्र जागचा हलत नाही. दुसरी खूण तर माझ्या नाकासमोर होती. ठोकळ्याच्या ज्या टोकाला झाडाची वलयं दिसतात, त्या आडव्या छेदावर हे पट्टे दिसतच नाहीत. माझ्या ठोकळ्यांवर ते तिथेही होते. रंगवणाऱ्याने हात राखून काम केलं नव्हतं.

मग पाण्याचा हिशोब करायला बसलो. दुसऱ्या ठोकळ्याच्या मधून एक चकती कापली. वजन ८० ग्रॅम. ओव्हनमध्ये १०३ अंशांच्या आसपास ठेवून वजन उतरायचं थांबेपर्यंत सुकवली, तेव्हा राहिली ५० ग्रॅम. गेलेलं पाणी ३०, भागिले सुकं लाकूड ५०, म्हणजे ६० टक्के ओलावा. दीड किलोच्या ठोकळ्यात अर्ध्या किलोहून जास्त पाणी, आणि तेही मी लाकडाच्या भावाने घेतलेलं. मग मीटरचा आकडा? सुयांचं मीटर काही मिलिमीटरच आत बघतं, आणि वरचा थर आचेने कोरडा झालेला. किंवा फोटोतला ठोकळा वेगळाच असेल.

चूक माझीही आहे. घरात वजनकाटा होता. ठोकळा १५० बाय १५० बाय ७५ मिलिमीटर, म्हणजे साधारण १.७ लिटर. सुकं हार्ड मेपल (मेपलमधली कठीण जात) लिटरला ७०० ग्रॅमच्या जवळपास भरतं. ठोकळा १.२ किलोच्या आसपास हवा होता, होता दीड. पाकीट उघडल्याबरोबर हे केलं असतं तर मेणाला नखही न लावता माल परत पाठवता आला असता.

एक गोष्ट स्पष्ट करतो. ओलं लाकूड म्हणजे वाईट लाकूड नव्हे. मीही ओलं कातलंय: वाडगा व्यासाच्या साधारण एक दशांश जाडीचा ठेवायचा, महिनोन्महिने सुकू द्यायचा, मग पुन्हा कातून अंतिम आकार द्यायचा. मेणही पाप नाही, ओल्या लाकडाची टोकं तडकू नयेत म्हणून ते लावतातच. पण भट्टीत सुकवलेल्या लाकडाला सहाही बाजूंनी मेण कशाला? हा प्रश्न मी पैसे भरण्याआधी विचारायला हवा होता.

हट्टाने तिसऱ्या ठोकळ्याची झाकणाची डबी केली. झाकण मस्त बसलं, काढताना 'पॉप' असा आवाज येईल इतकं. चार दिवसांनी निघेना. लाकूड वलयांच्या दिशेने जितकं आकसतं त्याच्या निम्मंच वलयांना आडवं आकसतं, त्यामुळे गोल डबी लंबगोल झाली आणि झाकणाने तिला आवळून धरलं.

विक्रेत्याला सगळे फोटो पाठवले. उत्तर आलं, "सर, लाकूड हवेतली ओल धरतं." मी लिहिलं, हवा कितीही दमट असली तरी लाकूड ३० टक्क्यांच्या आसपास थांबतं. त्यापुढचं पाणी एक तर झाडातलं असतं, नाही तर बुडवल्याचं. पट्ट्यांवर तो अक्षर बोलला नाही. मग, "सर, तुम्ही हत्यार लावलंत." आणि त्याच दमात, "रोझवूड आलंय, तुम्हाला सवलतीत देतो."

रोझवूड या नावाखाली काय वाटेल ते खपतं. मी शास्त्रीय नाव विचारलं. डालबर्जिया, म्हणजे खऱ्या रोझवूडचा वंश, असेल तर कागदपत्रंही मागितली, कारण हा जवळजवळ सबंध वंश २०१७ पासून साइट्सच्या, म्हणजे संकटातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि त्याच्या कच्च्या लाकडाचा देशादेशांतला व्यापार परवान्याशिवाय होत नाही. त्यानंतर माझे निरोप त्याच्याकडे पोहोचणंच बंद झालं.

आता लाकूड घेताना मी एक बाजू रंध्याने ताजी ताशून, पाणी लावून, एका दिव्याखाली फिरवलेला व्हिडिओ मागतो. त्याच व्हिडिओत ठोकळा काट्यावर ठेवायला सांगतो. बरेच जण हसत करून देतात. जे "इतका वेळ नाही" म्हणतात त्यांच्याकडून घेत नाही, चांगला माल हातचा जात असेल तर जावो.

उरलेल्या तीन ठोकळ्यांचं मेण बाजूंवरून खरवडलं, टोकांवर राहू दिलं. दोन तडकले. तिसऱ्यावर दर रविवारी शिसपेन्सिलीने वजन लिहितो. पहिला आकडा १.५० किलो. काल १.३१ भरला.